उचल कोणाच्या नावावर, हिशेब कोणाच्या वहीत? ऊसतोडीच्या करारात न्यायाने वागायचे तर

प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. यंदा ट्रॅक्टर घेऊन तो कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करणार आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऊसतोड मजुराला हंगामाआधीच कोयत्यामागे (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे) लाखभर रुपये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, २०२४ मध्ये दरही वाढला, तरी शोषणाची ओरड थांबत नाही. उलट मजुरांची टोळी जमवणारे मुकादम उचल घेऊन गायब होतात आणि कर्ज काढून पैसे दिलेला वाहतूकदार बुडतो. मग अन्याय नक्की कोणावर होतो? आणि न्यायाने धंदा करायचा तर करारात काय असावे?

बीड आणि नगरकडच्या टोळ्यांचे हिशेबाचे तंटे मिटवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. मजूर, मुकादम, वाहतूकदार आणि कारखान्याचे शेती अधिकारी, सगळ्यांशी समोरासमोर बसावे लागते. त्यावरून सांगतो. अन्याय तुमच्यावरही होतो आणि मजुरावरही होतो, फक्त त्याचे वजन सारखे नाही. तुमचा ट्रॅक्टर जातो, मजुराचे पुढचे वर्ष जाते, कधी शरीर जाते. पण दोघांच्या नुकसानीचे मूळ एका ठिकाणी आहे. कारखान्याचा पैसा वाहतूकदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे जातो, आणि या वाटेचा पूर्ण हिशेब सगळ्यांना वाचता येईल असा कुठेच लिहिलेला नसतो.

आधी आकडे मांडू, कारण लाखभर रुपये हातात पडतात हे ऐकायला फार मोठे वाटते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने दरात ३४ टक्के वाढ दिली. टनाला २७३ रुपये होते त्याचे ३६६ झाले आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. चांगली जोडी दिवसाला दोन टन ऊस पाडते. पाडायचा, वाढे (चाऱ्याला जाणारे हिरवे शेंडे) छाटायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, एवढे सगळे त्या दोन टनांत येते. त्याचे होतात ७३२ रुपये, दोघांचे मिळून. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. तिचे वेगळे पैसे नाहीत.

आता समजा, एका जोडीने एक लाख उचल घेतली. ती फेडायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस एकही सुट्टी न घेता. पण हंगामात पाऊस पडतो, कारखाना बंद पडतो, गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर दोन दिवस नंबर लावून उभी राहते, फड (तोडीचे शेत) बदलताना एक दिवस प्रवासात जातो. चार महिन्यांच्या हंगामात प्रत्यक्ष कामाचे १०० दिवस मिळाले तर जोडीची कमाई झाली ७३,२०० रुपये. त्यातून आठवड्याला दीड हजार खर्ची (घरखर्चाचे पैसे) उचलली तर सतरा आठवड्यांचे २५,५०० वजा. उरले ४७,७००. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, त्या दिवशी त्या जोडीच्या नावावर ५२,३०० रुपये बाकी. चार महिने कोयता चालवून घरी जाताना ही जोडी कर्जात आहे आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाकडे जाण्यावाचून तिला गत्यंतर नाही. वाढ्यांचे जे चार पैसे मिळतात ते तेल-मिठात जातात, आणि कित्येक ठिकाणी तेही शेतकरी स्वतः ठेवून घेतो.

हा हिशेब मी सरळ हंगामाचा धरला आहे, कोणी फसवलेले नाही असे मानून. तुमच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर यातच आहे. उचल हा मजुराला दिलेला जादा पैसा नाही, ती त्याच्याच पुढच्या मजुरीतून कापली जाते. तो ती मौजेसाठी घेत नाही. पेरणी, बियाणे, आजारपण, मुलीचे लग्न, मागच्या सावकाराचे व्याज. पाऊस दगा देतो त्या पट्ट्यात मे-जूनमध्ये रोख पैसा दुसरा कोणी देत नाही.

यापुढे वही येते. मुकादमाच्या वहीत मुख्यतः तीन प्रकारच्या नोंदी असतात: दिलेली उचल, दिलेली खर्ची आणि तोडलेले टन. पहिल्या दोन नोंदी मजुराला तोंडपाठ असतात, कारण पैसे त्याच्या हाताने घेतलेले असतात. तिसरी नोंद त्याला दिसत नाही. ऊस काट्यावर जातो, वजनाची पावती होते, एक प्रत शेतकऱ्याला आणि एक वाहनवाल्याला. ज्याने ऊस तोडला त्याच्या हातात काही येत नाही. काटामारीवरून शेतकरी संघटनांनी केलेली आंदोलने तुम्ही तुमच्याच भागात पाहिली असतील. काटा शंभर किलोने खाली दाखवला तर शेतकऱ्याचा दर जातो आणि त्याच शंभर किलोंची मजुरीही जाते. शेतकऱ्याला निदान पावती फडकवून विचारता येते. मजुराला आपण आज किती टन तोडले हे रात्री मुकादम सांगेल तेवढेच कळते, आणि टोळीतल्या दहा कोयत्यांत ते कसे वाटले हेही मुकादमच ठरवतो.

मी पाहिलेल्या तंट्यांत भांडण दरावर फार कमी वेळा असते. ते टनांवर असते. मजूर म्हणतो एकशे ऐंशी, वही म्हणते एकशे पन्नास, आणि कागद कोणाकडेच नाही.

याशिवाय चौथी नोंद खाड्याची, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाची. जोडीतला एक जण आजारी पडला, बाई बाळंत झाली, गावी मयत झाली, तर त्या दिवसाची मजुरी तर मिळत नाहीच, वर खाडा म्हणून पाचशे-हजार रुपये नावावर चढतात. मुकादमाचा युक्तिवाद असा की टोळी कमी पडली तर गाडी भरत नाही आणि त्याला वर जाब द्यावा लागतो. हा जाब खरा असतो. तरीही काम केले नाही म्हणून दंड हा कुठल्याही न्यायात बसत नाही. मजुरी टनावर आहे, टन नाही तर मजुरी नाही, तिथे व्यवहार संपायला हवा.

बाईच्या शरीरावर खाडा काय करतो हे २०१९ मध्ये सरकारी कागदावर आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आकडे होते: ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. दर सहा जणींत एक, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी. एकट्या खाड्यामुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, फडावर ना पाणी ना संडास, त्यातून होणारे अंगावरचे दुखणे, आणि ‘पिशवी काढून टाका’ म्हणणारे खासगी दवाखाने, हे सगळे आहेच. पण पाळीच्या चार दिवसांत तीस-चाळीस किलोची मोळी उचलणे शक्य नाही आणि बसावे तर खाडा, या कात्रीत सापडलेल्या बाईला पिशवी काढणे स्वस्त वाटते. ऑपरेशनचा खर्चही बहुतेकदा उचलीतच वाढवून मिळतो. तिने स्वतःचा अवयव गहाण न टाकता काम करावे एवढी सोय करणे आपल्या हातात आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. म्हणून हा मुद्दा मी करारात सगळ्यात आधी लिहायला सांगतो.

ती अर्धा कोयता आहे, पण खाते नवऱ्याच्या नावावर असते. उचल तो घेतो, अंगठा त्याचा, बाकी राहिली तर फेडायची मात्र दोघांनी. एका टोळीत नवरा हंगामाच्या मध्यात गेला. मुकादमाने त्याची बाकी विधवेच्या नावावर लिहिली आणि तिने पुढच्या वर्षी दिराबरोबर कोयता धरावा असा निरोप पाठवला. आम्ही हिशेब मागितला तेव्हा कळले की तिने केलेल्या दोन महिन्यांच्या कामाचे वेगळे टन कुठे लिहिलेलेच नव्हते. ते टन मांडले आणि दिवंगत माणसाची बाकी सोडून दिली, तेव्हा उलट तिलाच पैसे मिळायचे निघाले.

आता कायद्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात तो कुठेच नाही आणि तुम्हाला त्याची गरज पडणार आहे.

तुमच्या उसाचे पैसे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बांधलेले आहेत. कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला रास्त दर) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, आणि तरी दिली नाही तर साखर आयुक्तांच्या आदेशाने जिल्हाधिकारी ती महसुली थकबाकीसारखी वसूल करतात. ही व्यवस्था शेतकऱ्यांनी लढून मिळवली आहे आणि ती टिकली पाहिजे. पण तोच ऊस तोडणाऱ्याच्या मजुरीला ना चौदा दिवस आहेत, ना व्याज, ना आयुक्त. तिचा दर संप आणि लवाद यांतून काही वर्षांनी एकदा ठरतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्याच एफआरपीतून कापला जातो, म्हणजे पैसा शेतकऱ्याचा आहे. तो मजुरापर्यंत पूर्ण पोचला की नाही हे विचारण्याचा हक्क म्हणूनच शेतकऱ्यालाही आहे. तो हक्क वापरलेला शेतकरी मला अजून फारसा भेटलेला नाही. उलट तोड लवकर मिळावी म्हणून एकरी खुशाली (तोडणाऱ्यांना दिलेले वरचे पैसे) देऊन तो मोकळा होतो, आणि ती खुशाली कुणी घेतली आणि किती वाटली हेही कुठे लिहिले जात नाही.

महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने सहकारी आहेत. प्रवरेचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून सहकाराचा अर्थ असा की उत्पादक स्वतः मालक झाला. तोडणाऱ्याला मात्र त्या मालकीत जागा मिळाली नाही. तो कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. कागदावर तो मुकादमाचा माणूस, मुकादम वाहतूकदाराचा, आणि वाहतूकदार करारापुरता कारखान्याचा. अपघात झाला, फडात वीज पडली, ट्रॉली उलटली, की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. बीडचा मजूर बेळगावला गेला तर १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदा निदान कागदावर त्याच्या मदतीला होता. तोच मजूर कोल्हापूरला आला तर राज्याची हद्द ओलांडली नाही म्हणून त्या कायद्याने त्याला ओळखही दिली नाही. अंतर आणि हाल तेच.

एक कायदा मात्र दोन्हीकडे लागू आहे आणि वाहतूकदारांना तो माहीत नसतो: १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा. अगाऊ रकमेच्या बदल्यात कोणी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल, किंवा ती रक्कम फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्याचे वा मोकळेपणी ये-जा करण्याचे त्याचे स्वातंत्र्य गेले असेल, तर ती वेठबिगारी ठरते. मग ते कर्जच संपते. त्याच्या वसुलीसाठी दिवाणी दावा चालत नाही. हे वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाखाली सक्तीचे श्रमच आहे, कारण भूक ही देखील सक्तीच असते. म्हणून ‘तो राजीखुशीने आला’ हे उत्तर तिथे पुरत नाही.

याचा तुमच्याशी थेट संबंध असा. मुकादमाने उचल बुडवली की काही वाहतूकदार टोळीतल्या कुणाला, कधी बायका-पोरांना, गोदामात किंवा शेतावर बसवून ठेवतात आणि गावाकडून पैसे येईपर्यंत सोडत नाहीत. हे कधीही करू नका आणि कोणी करत असेल तर त्याच्याबरोबर उभे राहू नका. माणसाच्या दृष्टीने ते क्रूर आहे, आणि त्यात तुमचे पैसेही जातात व गुन्हाही तुमच्यावर दाखल होतो.

आता तुमची बाजू. मुकादम पळतो हे खरे आहे. एकच मुकादम तीन कारखान्यांच्या वाहतूकदारांकडून एकाच टोळीवर उचल घेतो, बनावट आधार कार्डे दाखवतो, दसऱ्यानंतर फोन बंद. तुमच्या भागात यापायी ट्रॅक्टर विकलेली घरे मी पाहिली आहेत. कारखाना तुमच्या करारावर आणि तुमच्या जामिनावर पैसे देतो. त्यामुळे टोळी आली नाही तर नुकसान तुमच्या सातबाऱ्यावर येते, कारखान्याच्या ताळेबंदावर नाही. धोका असा खाली ढकलणे हाच या धंद्यातला मुख्य दोष आहे. कारखाना वाहतूकदारावर ढकलतो, वाहतूकदार मुकादमावर, मुकादम मजुरावर, आणि मजुराच्या खाली आणखी कोणी नसते. सगळेच मुकादम लबाड नसतात हेही सांगायला हवे. बहुतेक जण स्वतः कोयता चालवून वर आलेले आहेत आणि टोळीतला एक कोयता पळाला तर त्याची उचल त्यांनाच भरावी लागते.

पण पळण्याला वाव कुठून मिळतो ते बघा. तुम्ही चाळीस कोयत्यांचे पैसे एका माणसाच्या हातात रोख देता. त्या चाळीस जोड्यांना तुमचे नावही माहीत नसते, तुम्हाला त्यांची तोंडे माहीत नसतात. मजुराला फसवणारी अपारदर्शक वही तीच तुम्हाला फसवते.

म्हणून करार करताना मी असे करायला सांगतो. सही करण्याआधी टोळीच्या गावी जा. मुकादमाच्या घरी चहा घेऊन परत येऊ नका, प्रत्येक जोडीशी बोला. राज्य सरकारच्या लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत ग्रामसेवकाकडून ओळखपत्रे दिली जातात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना ती काढायला मदत करा, कारण तोच कागद तुम्हालाही खऱ्या टोळीची खात्री देतो. उचल मुकादमाला नको, प्रत्येक जोडीच्या बँक खात्यात टाका, अर्धी नवऱ्याच्या आणि अर्धी बायकोच्या. मुकादमाचे कमिशन त्याला वेगळे, उघडपणे द्या. हे ऐकून बरेच मुकादम नाही म्हणतील. जे हो म्हणतील त्यांच्याबरोबर काम करा, टोळी लहान मिळाली तरी चालेल. उचलही हंगामात प्रामाणिकपणे फिटेल एवढीच द्या. वरचा हिशेब करून बघा: १०० कामाचे दिवस आणि खर्ची धरली तर पन्नास हजारांच्या पुढे दिलेला प्रत्येक रुपया बाकी राहणार हे तुम्हाला आधीच दिसते. दुसरा वाहतूकदार दीड लाख देतो म्हणून तुम्हीही द्यायला गेलात तर मजूर मिळेल, पण दोघेही अडकाल. मोठ्या उचलीऐवजी दर पंधरा दिवसांनी टनांचा पूर्ण हिशेब आणि रोकड हातात, हे ज्या वाहतूकदारांनी करून दाखवले त्यांच्याकडे त्याच टोळ्या परत आलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रत्येक खेपेच्या काटा पावतीचा फोटो त्याच रात्री टोळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. त्या गटात बायकांचे नंबर घ्या, घरात फोन एकच असेल तर फडावर मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक जोडीला एक छोटी वही द्या आणि तुमची सही तिच्याकडच्या वहीत करा. खाडा कराराच्या कागदावरूनच खोडून टाका. पाळीचे दिवस, बाळंतपण, दुखणे यांसाठी कोणत्याही नावाने कपात होणार नाही, असे स्पष्ट वाक्य लिहा. हंगाम संपल्यावर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या कामाला बांधली जाणार नाही, तिला व्याज लागणार नाही आणि ती दुसऱ्या कोणाच्या नावावर चढणार नाही, हेही लिहा. कोप्यांजवळ (मजुरांच्या झोपड्यांजवळ) पाणी, दिवा आणि बायकांसाठी आडोशाचा संडास यांची जबाबदारी कारखान्याकडून लेखी मागून घ्या. मिळाली नाही तर स्वतः करा. दोन तात्पुरत्या संडासांचा खर्च ट्रॅक्टरच्या एका हप्त्याहून कमी येतो.

सोबत मुले असतीलच. संत भगवानबाबा वसतिगृह योजना ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांसाठी आखली आहे, पण सगळ्यांना तिथे जागा मिळालेली नाही. फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत नेऊन नाव घालण्याचे काम एका सकाळचे आहे. टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात ते करा.

हे सगळे एका वाहतूकदाराच्या चांगुलपणावर चालणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यासाठी नमुना आपल्याच राज्यात १९६९ पासून आहे. माथाडी कायद्यात हमालाचा मालक रोज बदलतो, तरी त्याची नोंदणी मंडळात असते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक जादा वर्गणी) मंडळात भरतो, आणि मंडळ हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि बोनस देते. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसतात. त्याआधी हमालांच्याही टोळ्या होत्या, त्यांचेही मुकादम होते, आणि व्यापारी म्हणत होते की असे केले तर बाजार बंद पडेल. ऊसतोडीसाठी असे मंडळ व्हावे ही संघटनांची जुनी मागणी आहे. महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि सरकारकडून तेवढेच, अशी तरतूद २०२१ मध्ये ठरली. पैशाची वाट तयार आहे. त्यातून पगाराचा हिशेब आणि उचलही जाऊ लागली तर तुमच्यासारख्याला दसऱ्याआधी चाळीस लाख रोख घेऊन बीडला जावे लागणार नाही. ही मागणी आजवर मजुरांनी एकट्याने केली आहे. वाहतूकदारांच्या संघटनेने तिला पाठिंब्याचा ठराव केला तर कारखान्यांना तिच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण होईल, म्हणून तुमच्या पुढच्या बैठकीत तो मांडा.

राहिला शेवटचा उपप्रश्न: एवढे करूनही टोळी आली नाही तर? टोळीच नसताना ती दाखवून मुकादमाने पैसे घेतले असतील तर ती फसवणूक आहे. बँकेच्या नोंदी, करार आणि गावभेटीचे फोटो घेऊन त्याच्या एकट्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्या. मजूर खरे होते आणि हंगाम अर्धा टाकून गेले असतील तर आधी त्यांचे टन मोजा, त्यांना द्यायची मजुरी उचलीतून वजा करा, आणि का गेले ते फोन करून विचारा. आजारपण किंवा मारहाण हे उत्तर आले तर बाकी सोडून द्या. तसे काही नसेल तर उरलेल्या रकमेचे हप्ते लेखी ठरवून घ्या, आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या टोळीत गेले तर त्या वाहतूकदाराच्या दारात जाऊन त्यांचे काम अडवू नका.